वरून करपली, आतून कच्ची!
निखाऱ्याचा ताव आणि कोंबडी शिजल्याच्या खुणा



थंडी पडली की शेतावर आगट्या पेटतात. कुठे ज्वारीचा हुरडा, कुठे वालाच्या शेंगांची पोपटी, तर कुठे बांधावर चार दगड मांडून निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी. पूर्वी हे घरच्यापुरते असे. आता अनेकांनी कृषी पर्यटन सुरू केले आहे आणि शहरातून येणारा पाहुणा पैसे मोजून ही चव घेतो. म्हणजे भाजलेली कोंबडी हा शेतीचा जोडधंदाच झाला म्हणा ना! आणि धंदा म्हटला की माल चोख पाहिजे.

यात नेहमी एकच चूक होते. जाळ मोठा केला जातो, कोंबडी वरून तांबूस-काळी होते, मसाल्याचा वास सुटतो, सगळे म्हणतात, "झाली, उतरवा!" तंगडी मोडून बघावी तर हाडाजवळचे मांस गुलाबी आणि लिबलिबीत. मांस किती तापले हे मोजायचे थर्मामीटर मिळतात, पण आपल्या शेतावर ते असेलच असे नाही. मग ओळखायचे कसे? आपला हात, डोळे, सुरी आणि एक सळई, एवढ्यावर हे काम नीट होते. ते कसे करायचे, ते आज पाहू.

पुरती शिजलीच पाहिजे, ती का?

निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या आतड्यातही साल्मोनेला, कँपिलोबॅक्टर यांसारखे जंतू असू शकतात. कापताना, साफ करताना ते मांसाला लागतात. असे मांस अर्धवट शिजवून खाल्ले तर उलट्या, जुलाब, पोटात मुरडा आणि ताप येतो. धडधाकट गडी दोन-चार दिवसांत उठतो, पण लहान मूल, म्हातारे माणूस आणि गरोदर बाई यांना ते फार जड जाते.

हे जंतू उष्णतेने मरतात. कोंबडीच्या मांसाचा सर्वांत जाड भाग आतपर्यंत ७४ अंश सेंटिग्रेड तापला, की ते मांस खायला सुरक्षित झाले असे धरतात. बर्ड फ्लूचा विषाणूही ७० अंशांच्या उष्णतेत टिकत नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूर भागात बर्ड फ्लू आला, तेव्हा लोकांनी कोंबडी-अंडी खाणेच सोडले आणि पाळणाऱ्यांचे कंबरडे मोडले. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात मुरुंबा गावी हा रोग दिसला, तेव्हाही लोक बिचकले. दोन्ही वेळी जाणकारांनी हेच सांगितले, की पुरते शिजवलेले मांस आणि अंडी यांना भिण्याचे कारण नाही. पण "पुरते" म्हणजे किती, हे ज्याचे त्याला ओळखता आले पाहिजे.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. आजारी, मान टाकलेली किंवा आपोआप मेलेली कोंबडी कापू नका, भाजू नका, खाऊ नका. "मरायच्या आत कापून टाकू, वाया तरी जाणार नाही," असा विचार करणारे पुष्कळ आहेत. पण अशी कोंबडी कापताना, पिसे काढताना हातातोंडाशी जो संबंध येतो, त्यातच मोठा धोका असतो. तो भाजल्याने टळत नाही. कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर तो रोग मानमोडी आहे की दुसरा काही, याचा तर्क घरी करत बसू नये. मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने हात लावू नये आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

जाळावर नव्हे, निखाऱ्यावर भाजा

हुरडा भाजणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. पेटत्या ज्वाळेत कणीस धरले तर वरचा कोंडा जळतो आणि दाणा कच्चा राहतो. गोवऱ्यांच्या आगटीत, आरात कणीस खुपसले की दाणा आतून फुलतो. मांसाचेही तसेच. ज्वाळा फक्त वरची कातडी जाळते. निखाऱ्याची धग एकसारखी लागते आणि सावकाश आत उतरते.

निखाऱ्यासाठी बाभळीचे वाळलेले लाकूड चांगले. ते जड असते, त्याचा निखारा बराच वेळ टिकतो. तुराट्या, पऱ्हाट्या आणि चिपाडे भसकन पेटतात आणि लगेच राख होतात. ती आग धरवण्यापुरती वापरावी. ओले लाकूड धूर फार करते. कण्हेरीचे लाकूड मात्र सरपणातही घेऊ नका आणि तिची काडी सळईसारखी मांसात खुपसू नका. कण्हेर विषारी आहे. रंग दिलेल्या फळ्या, टायरचे तुकडे, खताच्या किंवा औषधाच्या पिशव्या या आगीत टाकू नयेत. त्यांचा धूर मांसाला लागतो.

जाळीबद्दलही एक सूचना. कुंपणाची जाळी किंवा तार उरली म्हणून ती निखाऱ्यावर मांडू नका. तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो. लिंबू-दह्याचा आंबट मसाला आणि उष्णता लागली की ते जस्त अन्नात उतरू शकते. साधी लोखंडी किंवा स्टीलची जाळी घ्यावी.

लाकूड पेटवल्यावर घाई करू नका. आधी ज्वाळा उठते, मग कोळसा लालभडक होतो, मग त्याच्यावर भुरकट पांढरी राख चढू लागते. बहुतेक निखाऱ्यांवर अशी राख चढली आणि फुंकर घातली की आतून लाल दिसू लागले, म्हणजे निखारा तयार झाला. याला अर्धा-पाऊण तास लागतो. पाहुणे यायच्या आधी आग पेटवा, म्हणजे त्यांच्यासमोर धांदल होणार नाही.

ताव हाताने मोजा

भाकरीचा तवा तापला की नाही, हे आपल्या माय-भगिनी पाण्याच्या थेंबावरून ओळखतात. जाळीवर थेंब टाकला तर तो खालीच पडतो. म्हणून इथे तळहात वापरायचा.

जाळीच्या वर अर्धी वीत, म्हणजे साधारण चार-साडेचार इंच उंचीवर तळहात उपडा धरा. सैल बाही, पदर, उपरण्याचे टोक आधी आवरून घ्या. मग मनात मोजा : एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. हा प्रत्येक आकडा म्हणायला साधारण एक सेकंद लागतो. चटका असह्य झाला की हात लगेच काढा आणि कितीपर्यंत मोजले ते पाहा.

दोन-तीनलाच हात काढावा लागला, तर ताव कडक आहे. यावर फक्त वरचा रंग आणायचा.
चार ते सहापर्यंत हात टिकला, तर ताव मध्यम आहे. कोंबडीचे तुकडे भाजायला हाच योग्य.
आठ-दहापर्यंत हात टिकला, तर ताव मंद आहे. झालेला माल गरम ठेवायला किंवा जाड तुकडा सावकाश मुरवायला हा चालतो, पण कच्ची कोंबडी यावर रेंगाळते.

आता शेतकऱ्याच्या हाताची गोष्ट वेगळी आहे, बरं का! ज्यांचे तळवे कुदळ-फावडे धरून राठ झाले आहेत, त्यांना चटका उशिरा कळतो. त्यांना कडक तावही मध्यम वाटेल. म्हणून ताव पाहणारा माणूस एकच ठेवावा. दोन-तीन वेळा भाजल्यावर त्याला आपल्या हाताचा हिशेब बरोबर बसतो.

ताव एकदा पाहून भागत नाही. थंडीच्या रात्री आणि वाऱ्यात निखारा लवकर उतरतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी हात धरून पाहा. बाजूला एक लहानशी आग चालू ठेवा आणि लागतील तसे तिच्यातले तयार निखारे ओढून घ्या. अर्धवट पेटलेले लाकूड मांसाखाली सारू नका.

निखारे दोन भागांत मांडावेत. एका बाजूला जाड थर, दुसऱ्या बाजूला विरळ. कोंबडी आधी मध्यम तावावर ठेवून उलटसुलट करावी, मग जरा विरळ बाजूला घ्यावी आणि वरून पातेले किंवा घमेले उपडे झाकावे. झाकल्याने धग कोंडते आणि मांस चहूबाजूंनी शिजते. घमेले स्वच्छ असावे. सिमेंट-खताचे घेऊ नये. चरबी गळून ज्वाळा उठली तर पाणी ओतू नका, राख उडून मांसावर बसते. तुकडा बाजूला सरकवा, ज्वाळा आपोआप बसते.

या खुणांवर विसंबू नका

पहिली फसवी खूण म्हणजे वरचा रंग. हळद, तिखट आणि दही लावलेली कोंबडी लवकर तांबूस होते. तो रंग मसाल्याचा असतो, शिजल्याचा नव्हे.

दुसरी फसवी खूण म्हणजे वास. मसाला करपला की खमंग वास सुटतोच, आत मांस कच्चे असले तरी.

तिसरी फसवी खूण घड्याळाची. तंगडीसारख्या हाडासकट तुकड्याला मध्यम तावावर साधारण ३५ ते ४५ मिनिटे लागतात, तर हाड काढलेल्या लहान तुकड्यांना १० ते १५ मिनिटे पुरतात. पण तुकडा केवढा, वारा किती, निखारा कसा, यावर हे बदलते. घड्याळाने आठवण करून द्यावी, निकाल देऊ नये. फ्रीजमधून काढलेला गोठलेला तुकडा आतून पुरता सुटल्याशिवाय निखाऱ्यावर ठेवूच नका. तो वरून जळतो आणि मध्ये बर्फ राहतो.

चौथी गोष्ट हाडाच्या रंगाची. ब्रॉयलर कोंबडी अवघ्या पाच-सहा आठवड्यांची असते. तिचे हाड कोवळे, सच्छिद्र असते. भाजताना आतला मगज झिरपतो आणि हाडाभोवती काळपट-लाल डाग दिसतो. मांस पुरते शिजले तरी हा डाग राहू शकतो. म्हणून एकट्या डागावरून कोंबडी कच्ची म्हणू नये आणि डाग नाही म्हणून शिजली असेही म्हणू नये.

खऱ्या खुणा चार

सर्वांत मोठा तुकडा निवडा. बहुधा ती मांडी असते. तो शिजला तर लहान तुकडे शिजलेच, असे धरायला हरकत नाही.

पहिली खूण रसाची. मांडीच्या सर्वांत जाड भागात सुरीचे टोक हाडाजवळपर्यंत घाला आणि दाबा. निघणारा रस स्टीलच्या चमच्यात धरा. वरच्या मसाल्याचे लाल तेल आधी पुसून घ्या, नाहीतर फसगत होते. रस स्वच्छ, पाण्यासारखा असला तर ठीक. गुलाबी किंवा लालसर असला तर परत ठेवा.

दुसरी खूण सांध्याची. तंगडी धरून हलवा. शिजली असेल तर सांधा सैल होतो, पिळल्यावर सहज सुटतो आणि मांस हाडाच्या टोकापासून मागे सरकलेले दिसते. सांधा ताठ, रबरासारखा ओढ घेत असेल तर आत कच्चे आहे.

तिसरी खूण धाग्याची. जाड तुकड्याला चीर देऊन पाहा. कच्चे मांस चकचकीत, अर्धपारदर्शक आणि लिबलिबीत दिसते. शिजलेल्या मांसातून आरपार दिसणे संपते, ते पांढरट होते आणि त्याचे धागे सुटे होतात.

चौथी खूण सळईची. स्वच्छ, थंड लोखंडी सळई तुकड्याच्या मधोमध खुपसा आणि दहा मोजेपर्यंत तशीच ठेवा. बाहेर काढून तिचे आत गेलेले टोक मनगटाच्या आतल्या बाजूला क्षणभर टेकवा. गार लागले तर कच्चे. कोमट लागले तर अजून वेळ आहे. टेकवताच हात झटकन मागे घ्यावा लागला, तर उष्णता आतपर्यंत पोहोचली आहे. सळई हाडाला टेकू देऊ नका, हाडाची उष्णता वेगळी असते. आणि पुन्हा खुपसण्याआधी सळई दर वेळी उकळत्या पाण्यात बुडवून काढा. कच्च्या मांसातले जंतू तिच्यावरून शिजलेल्या मांसात जायला नकोत.

या चारपैकी एका खुणेवर निकाल देऊ नका. निदान तीन खुणा जुळल्या पाहिजेत. शंका आली तर आणखी पाच-सात मिनिटे ठेवा. थोडी कोरडी झालेली कोंबडी खाता येते, कच्ची मात्र खाता येत नाही. उतरवल्यावर पाच-दहा मिनिटे झाकून ठेवा, म्हणजे बाहेरची उष्णता आत मुरते आणि रस जागच्या जागी राहतो.

गावरान कोंबडीचा हिशेब वेगळा

गावरान कोंबडी हिंडून-फिरून वाढलेली असते, वयानेही मोठी असते. तिचे मांस चिवट असते. निखाऱ्यावर ती शिजली तरी दाताला लागते. म्हणून आधी मीठ-हळद घालून ती मऊ होईपर्यंत उकडून घ्यावी आणि मग निखाऱ्यावर रंग आणावा. मात्र आदल्या रात्री अर्धवट उकडून सकाळी भाजायची, असे करू नका. अर्धवट शिजलेल्या कोमट मांसात जंतू झपाट्याने वाढतात. उकडायची तर पूर्ण उकडा आणि लगेच भाजा.

पोपटी लावणाऱ्यांसाठी

रायगडकडचे श्रोते पोपटीत वालाच्या शेंगांबरोबर अंडी आणि मसाला लावलेली कोंबडीही घालतात. भांबुर्ड्याचा पाला लावून मडके उपडे करायचे आणि भोवती जाळ घालायचा. मडके झाले की नाही हे पाहायला वरून पाणी शिंपडतात. चर्र आवाज होऊन पाणी क्षणात आटले, की पोपटी झाली म्हणतात. शेंगांना हे पुरते. पण बंधूंनो, त्या पाण्याने मडक्याचे अंग तापल्याचे कळते, मधल्या कोंबडीचे नाही!

इथे तुमच्याच मडक्यात एक थर्मामीटर असतो, तो म्हणजे अंडे. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२ ते ६५ अंशांना घट्ट होऊ लागतो आणि पिवळा बलक ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान. मडके उघडल्यावर मधोमध ठेवलेले अंडे आधी फोडा. बलक ओला, वाहता निघाला तर कोंबडीला हात लावू नका. ताजा पाला लावून मडके पुन्हा बंद करा आणि परत जाळ घाला. बलक कोरडा, भुरभुरीत झाला असेल तर धग मधोमध पोहोचली आहे. तरीही कोंबडीचा तुकडा अंड्यापेक्षा जाड असू शकतो, म्हणून रसाची आणि सांध्याची खूण पाहायचीच. तुकडे लहान करावेत, त्यांना खोल चिरा द्याव्यात आणि मडके गच्च भरू नये.

मटण आणि मासळी

बोकडाच्या अखंड तुकड्यात जंतू बहुतेक वरच्या अंगाला असतात. खिम्यात मात्र वरचे सगळे आत मिसळते. म्हणून खिम्याचा कबाब मोडून पाहावा, मध्ये गुलाबी राहता कामा नये. कलेजी कापल्यावर आतून लाल रक्त दिसू नये. डुकराचे मांस पुरतेच शिजवावे, त्यातून पट्टकृमी होण्याचा धोका असतो. मासळी शिजली की तिच्या पाकळ्या बोटाने सुटतात आणि काट्यापासून मांस वेगळे होते.

स्वच्छता आणि आगीची खबरदारी

कच्च्या मांसाची सुरी, पाट आणि ताट वेगळे ठेवा. ज्या ताटातून कच्ची कोंबडी नेली, त्याच ताटात भाजलेली परत आणू नका. कच्च्या मांसाचा उरलेला मसाला भाजलेल्या तुकड्यांवर ओतू नका. लावायचाच असेल तर आधीच थोडा बाजूला काढून ठेवा. कच्च्या मांसाला हात लावल्यावर साबणाने हात धुवा. शेतावर साबण आणि पाण्याची घागर आठवणीने न्या. औषधाच्या रिकाम्या डब्यातून पाणी नेऊ नका, डबा कितीही धुतलेला असला तरी. शिजलेले मांस दोन तासांपेक्षा जास्त वेळ उघड्यावर ठेवू नये. उन्हाळ्यात तर एक तास पुष्कळ झाला.

आणि शेवटी आगीबद्दल. कडब्याची गंजी, वाळलेले गवत, उसाचा फड आणि गोठा यांच्यापासून आगटी लांब ठेवा. वाऱ्याची दिशा पाहून जागा निवडा. उठताना निखाऱ्यावर पाणी ओता, राख उलटीपालटी करा, पुन्हा पाणी ओता. वरून राखाडी दिसणारा निखारा आत पहाटेपर्यंत जिवंत राहतो. कोंबडीला जे लागू, तेच निखाऱ्यालाही लागू : वरून पाहून आतले कळत नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. आजारी किंवा मेलेली कोंबडी कधीही नाही.
२. ज्वाळा बसू द्या, निखाऱ्यावर राख चढू द्या, मगच भाजा.
३. अर्ध्या विताच्या उंचीवर हात चार ते सहा मोजेपर्यंत टिकला पाहिजे.
४. रंग, वास आणि घड्याळ यांवर निकाल देऊ नका.
५. रस, सांधा, धागा आणि सळई यांपैकी निदान तीन खुणा जुळल्या पाहिजेत, त्याही सर्वांत मोठ्या तुकड्यात.
६. पोपटीत आधी मधले अंडे फोडा.
७. कच्च्याचे ताट वेगळे, शिजलेल्याचे वेगळे.
८. उठण्याआधी निखारा पुरता विझवा.

हे पत्रक चुलीजवळच्या भिंतीला लावून ठेवा आणि घरातल्या मुलामुलींनाही वाचून दाखवा. उद्या आगटी तेच पेटवणार आहेत.

नमस्कार.